येणे बाकी

खानापूर रोडवरच्या बंद सॉ-मिलच्या आवारात
त्यांनी मला विधवा केलं,
सकाळी साडेनऊला, मराठीतून.

हिरव्या बांगड्या उतरवून पिशवीत ठेवल्या,
पिशवीवर मार्करनं लिहिलं : प्रेमला, सीन तीन.
मिस्टर तेव्हा उद्यमबागेत, फाउंड्रीत, पहिल्या पाळीला.
त्यांना डोक्यातनं बाहेर काढायला
मला जरा वेळ लागला.

विम्याचा साहेब झालेला ईराप्पा
पुठ्ठ्यावर चिकटवलेला पाच लाखांचा चेक
दोन्ही हातांनी पुढं करणार,
मी पदराला हात पुसणार, म्हणणार,
"ते नाहीत, पण घर आहे."
सहा टेक.
ग्लिसरीन नको म्हटलं मी,
डोळे भरतात त्यानं, आवाज कोरडाच राहतो.

मग जेवण. पुलाव, आणि कुंद्याचा एवढासा तुकडा.
मग बेंगळूरचा डायरेक्टर हात झटकत म्हणाला,
"ईग कन्नड."

पुन्हा तेच मरण.
"अवरु इल्ल, आदरे मने इदे."
सोपं वाटतं ऐकायला.
पण मराठीत मी 'घर'वर थांबत होते,
कन्नडात थांबायची जागा 'इल्ल'.
जोड-ल आहे तो,
जीभ टाळूला लागते आणि रडू तिथंच कोंडतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
शेजारच्या मल्लव्वाचा थोरला गेला
तेव्हा ती ओट्यावर बसून तेवढंच म्हणत होती
संध्याकाळपर्यंत.
तिच्याकडनं घेतलं मी.
त्याचेही पैसे होतात खरं तर.
कसे द्यायचे, कळत नाही.

ठरले होते पाच हजार. तोंडी.
"अक्का, आपल्यात कागद कशाला?" म्हणाला होता गुरुसिद्ध.
बांगड्या परत मिळाल्या, एक कमी.

दोन महिन्यांनी चिकोडीहून बहिणीचा फोन,
"अगं, तू आमच्या स्टँडवर टीव्हीत कन्नड रडूलालीस की!"
आणि इकडं, शहापूरच्या केबलवर, मराठी.
पैसे?
बिल पास व्हायचंय.
साहेब रजेवर आहेत.
नाव होतंय की तुमचं, अक्का.
मग नुसतीच रिंग.

शेवटी मी बिल लिहिलं, आयुष्यातलं पहिलं.
मराठी काम, पाच हजार.
कन्नड काम, पाच हजार.
साडी माझीच होती, भाडं धरलेलं नाही.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ त्याचं ऑफिस.
त्यानं चहा मागवला, बिल उलटंसुलटं बघितलं.
"काम एकच की. भाषा तेवढी बदलली."
"मग एकच दाखवायची होती."

चहावर साय धरली.
त्यानं ड्रॉवर उघडला,
थुंकी लावत दहा नोटा मोजल्या, पाचशेच्या,
पुन्हा मोजल्या, जणू दुसऱ्यांदा कमी भरतील.
"आणि कन्नडचे?"
"इल्ल," म्हणाला,
सपाट, घाईघाईनं,
श्वास न घेता.
सवयीनं मनात आलं, हा टेक चालणार नाही.

पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावला, आडवी सही केली,
आणि खाली लिहिलं,
मराठीचे पोचले. कन्नडचे बाकी.

मराठी बोलतो तो, वाचतो मात्र अडखळत.
बोट ठेवत ठेवत गेला,
शेवटच्या शब्दाशी बोट थांबलं.
तो शब्द त्याच्याकडंही तसाच आहे.
मान वर केली त्यानं.

बाहेर गेट पडलेलं, गाड्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत.
मी खुर्ची जरा पुढं ओढली.