वजाबाकी

मातीतला जीव असा सापडत नाही.
दहा ग्रॅम माती घ्यायची, वाळवलेली, चाळलेली,
मुशीत घालून भट्टीत रात्रभर जाळायची,
सकाळी उरलेलं तोलायचं.
जे गेलं, ते होतं.
एवढंच आमचं शास्त्र.

सव्वीस वर्षं मी गेलेल्याची वजनं लिहिते आहे,
रोसारियो नदीच्या अलीकडे,
पत्र्याच्या छताखाली, दशांशचिन्हानंतर चार आकडे.

डेल्मिरो तूर्नचा सात नंबरचा तुकडा.
तीन वर्षं गहू, सूर्यफूल, सातू,
मग नांगर शेडमध्ये गंजायला मोकळा
आणि चार वर्षं रानात फेस्क्यू, पांढरा क्लोव्हर, लसूणघास.
गाई चरायच्या.
टिटव्या उघड्यावर अंडी घालायच्या
आणि माझ्या टोपीवर झडपा.
म्हातारा खांबाला टेकून,
भोपळ्याच्या पेल्यातला कडू येर्बा ओढत विचारायचा,
"काय म्हणते आमची माती?"

चौथ्या वर्षी मी सांगितलं,
शंभर ग्रॅममागे अर्धा ग्रॅम वाढली.
तो एवढा हसला की पेला कलंडला.
"अर्धा ग्रॅम!
चाळीस गाईंनी चार वर्षं रवंथ केलं, ते यासाठी?"
मी बोलले नाही. कुदळ मारली.
ढेकूळ उचललं तर खाली मुळं लोंबत होती,
केसाहून बारीक,
आणि मातीचे दाणे त्यांत असे अडकलेले
की झटकले तरी सुटेनात.
त्याने ढेकूळ नाकाशी धरलं.
बराच वेळ.
मग हळूच होतं तिथे परत बसवलं,
वर पायाने दाबलं.

पुढे सोयाबीनचा भाव चढला.
त्याच्या मुलाने, विल्मारने,
माँटेव्हिडिओच्या एका कंपनीला पाच वर्षांचा शब्द दिला
आणि मार्चमध्ये, म्हणजे इकडच्या पानगळीत,
गवतात नांगर घातला.
"बेवड उत्तम आहे," म्हणाला.
खोटं नव्हतं.
पहिला मका, युरियाची एक गोण न फोडता,
घोड्यासकट स्वार बुडेल एवढा वाढला.
गवत मेल्यावरही देत राहतं.
उघड्या पडलेल्या मुळांवर
न दिसणारी तोंडं तुटून पडतात,
खातात, श्वास सोडतात,
आणि चार वर्षांची पुंजी
बिनधुराची वर निघून जाते.
मी भट्टीत एका रात्रीत करते तेच,
जरा सावकाश.

मग सोयाबीन. मग सोयाबीन.
मग सोयाबीन.
पावसानंतर तुकड्यावर कवच धरू लागलं,
ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी आठवडाभर उभं.
वाढलेल्या अर्ध्या ग्रॅमातलं
निम्म्याहून कमी शिल्लक.
विल्मारने कागद पाहिला.
"एवढ्याशा फरकासाठी
तुम्ही दर वर्षी साठ किलोमीटर गाडी हाणता?"
बापाचाच प्रश्न,
फक्त हा हसला नाही.
हप्ते कधी सुटतील ते त्याला माहीत होतं.
मला तेही माहीत नव्हतं.

निघताना म्हाताऱ्याने खिडकीतून हाक मारली.
आता त्याच्या गुडघ्यांना कुंपणापर्यंतची वाट जमत नव्हती.
"तारेखालची घे."
तारेखाली हातभर रुंदीची पट्टी होती,
नांगराचा फाळ पोचत नाही तिथे,
जुन्या पेऱ्यातला फेस्क्यू अजून उभा.
"ती नकाशात नाही, दोन डेल्मिरो."
"म्हणून तर."

घेतली.
पिशवीवर काय लिहावं कळेना,
नुसतं 'तार' लिहिलं.
त्या रात्री भट्टीत सातव्या तुकड्याशेजारी तारही जळली.

सकाळी तोललं. दोनदा तोललं.
त्याला फोन केला.
पलीकडे रेडिओ चालू होता, गुरांचे भाव सांगत होता.
"जास्त जळली," मी म्हणाले,
"बाकीच्या रानापेक्षा पुष्कळ जास्त."

त्याने रेडिओ बारीक केला.
"बरं झालं," म्हणाला.