शून्य रुंदीचा सांधा

सातपूरच्या कंपनीत दिवसभर मी व्हॉल्व्हचा साठा मोजते.
तो प्रोग्राम माझा नाही, व्हॉल्व्हही माझे नाहीत.
रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला
की उघडते माझी स्वतःची खिडकी,
पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर, पंधरा इंची.

केलंय एवढंच:
जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी
आजच्या फोनवर वाचता येईल असं करून देणारं
एक लहानसं यंत्र.
डावीकडे कचरा टाका, उजवीकडे अक्षरं घ्या.
खरं तर अप्पांच्या सीड्यांसाठी केलं.
भद्रकालीतलं डीटीपीचं दुकान गेलं, सीड्या राहिल्या:
कुणाकुणाच्या लग्नपत्रिका,
निवडून न आलेल्यांची पत्रकं,
दहाव्याची एक जाहिरात, तीनदा दुरुस्त केलेली.

मग एका रविवारी सगळ्यांसाठी खुलं केलं.
फुकट. खाली नुसतं नाव, आडनाव नाही,
ऑफिसात कळायला नको.
पहिल्या आठवड्यात अकरा जण येऊन गेले.
त्यातली चार मीच होते.

आम्ही असे बरेच आहोत,
एकमेकांना तोंडावरून न ओळखणारे.
द्वारकेच्या प्रणितनं
इंदिरानगरच्या बोगद्यात गाड्या तुंबल्यात का ते सांगणारं काहीतरी केलंय.
बोगदा कायमच तुंबलेला,
म्हणून त्याचं उत्तर कधी चुकत नाही.
सिन्नरच्या एकीनं भिशीचा हिशेब बसवलाय,
सासूबाईंनी त्यात पहिल्याच दिवशी बारा रुपयांची चूक काढली.
आम्ही एकमेकांचं वापरून बघतो,
"भारी" म्हणतो, "बटण सापडत नाही" म्हणतो.
नोटा नाशिकरोडला छापतात.
आमच्यातल्या कुणाच्या हाताला अजून त्यातली एकही लागलेली नाही.

आणि मग सुरगाण्याहून
हिरामण भोये, निवृत्त भूमापक, यांचा निरोप:
"ताई, यंत्र उत्तम आहे. फक्त
आमच्या तालुक्यात समुद्र आला आहे."

नव्व्याण्णव साली पायी फिरून, म्हाताऱ्यांना विचारून
त्यांनी दऱ्यांची नावं टाइप केली होती. तेहेतीस पानं.
माझ्या यंत्रातून काढली, तर
केमच्या डोंगराखाली सात दर्या.
अस्वलाच्या दर्या. उतरायला वाट नसलेल्या दर्या.

मी हसले. मग उठून अप्पांची बिलं तपासली:
"आचार्यांचे अडीचशे बाकी."
म्हणजे भात रांधणारा दगडूमामा
माझ्यामुळे पाठशाळेत जाऊन बसला होता.

र ची ती आडवी, मिशीएवढी रेघ.
अप्पा तिला भुवई म्हणायचे.
दुकानातल्या पोरांवर ओरडायचे, "भुवई कुठंय रे?"
मी तेव्हा काउंटरखाली कात्रणांत खेळत असे,
मला वाटे, कुणाच्या तरी चेहऱ्याबद्दल चाललंय.

त्या भुवईसाठी एक अक्षर लागतं, जे अक्षर नाही.
शून्य रुंदीचा सांधा.
दिसत नाही, जागा अडवत नाही,
छापलं तर शाई लागत नाही,
आणि तो निसटला की दऱ्यांत पाणी शिरतं.

एका ओळीची दुरुस्ती. पावणेदोन वाजले.
खाली गुरखा काठी आपटत गेला.
आवृत्ती एक पूर्णांक एक.
'काय बदललं' या रकान्यात लिहिलं:
समुद्र काढला.

उत्तर तीन दिवसांनी आलं. रेंज टेकडीवर येते म्हणे.
"पाणी ओसरलं. दऱ्या मोजल्या, सगळ्या जागेवर.
एक जास्त भरली. ती तुमची चूक नाही,
तेव्हा माझंच बोट घसरलं असणार.
नाव चांगलं पडलंय पण.
राहू देतो."