लोखंड लावायचं नाही

बुधवारी बाजारात, सुक्या बोंबलांच्या ओळीमागं
झिंगराबाई उईके पोतं पसरून बसायची :
मुळ्या, साली, डिंकाचे खडे,
आणि एक पाला, ज्याचं नाव ती घेत नसे.

कामठीच्या दवाखान्यातली आयरिश सिस्टर डिम्फ्ना
गुडघा धरत आली. मी दुभाषी, वय अकरा.

सिस्टर म्हणाली, आमच्या गावी
जखमेवरचं पान हातानंच खुडतात,
लोखंड लागलं की ते रुसतं.
झिंगराबाईनं पहिल्यांदा मान वर केली.
'आमच्यातबी. आदल्या सांजेले हळदीचे तांदूळ ठेवाचे,
म्हणाचं, उद्या येतो, चाल माह्यासंग.'
मी हे इंग्रजीत कसं सांगितलं, आठवत नाही.
'चाल'ला बहुधा 'प्लीज' म्हणाले.

'नाव विचार ना,' सिस्टर.
'नाव सांगतलं का गुण जाते.'
सिस्टर खदखदून हसली. तिच्या मावशीनंही
मंत्राचे तीन शब्द असेच गिळले होते,
मरेपर्यंत.

पाला तिनं रुमालात बांधला.
गुडघा बरा झाला का, मला कुणी कळवलं नाही.

परवा गवती चहा कापायला वाकले
आणि विळी बाजूला ठेवली.
पात्यांनी बोट चिरलं, थोडंसंच.