मीटरच्या पेटीत

एकोणीस वर्षं झाली, मी लोकांच्या घरात
दोन मिनिटांसाठी शिरतो.
वडगाव, खासबाग, जुनं शहापूर.
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीला, चपलांच्या मांडणीवर,
जिथं मीटर तिथं कोळी.

पहिल्यांदा ओळखायला शिकलो तो थरथऱ्या.
काड्यांसारखे पाय, मध्ये जोंधळ्याचा दाणा.
बॅटरीचा झोत पडला की अंगात आल्यागत
इतका हलतो, इतका हलतो,
की दिसेनासाच होतो.
हुबळीहून फोन आला की आमचे साहेबही तसेच.

दुसरा चपटा. तळव्याएवढा.
जाळ्याच्या भानगडीत पडत नाही,
रात्रभर भिंतीवर फिरून झुरळं खातो.
मादी असली तर पोटाशी पांढरी बशी धरलेली,
अंड्यांची.
कितीही हाकला, बशी खाली ठेवून पळत नाही.

तिसरा उडीवाला. बारका, केसाळ.
हा एकटाच असा, की वळून बघतो.
मी मीटर वाचतो, तो मला.

माणसं ओळखायला जास्त वेळ लागला.

दंडावर वाघ गोंदलेला प्रज्योत कंग्राळकर
टीपॉयवर चढून म्हणतो, "गेला काय? बघ की नीट, गेला काय?"
सुमित्राक्का फिनेलची बाटली घेऊनच दार उघडतात:
"अंगावर मुतला तर फोड उठतात गा!"
अजून एकदाही मुतलेला नाही. पण मुतेल.
हसीनाबी सनदी कोपऱ्यातलं एक जाळं सोडून झाडतात,
गुहेच्या तोंडाशी यांच्यातल्याच कुणी तरी
पडदा धरला होता म्हणून.
आणि पायगोंडा मास्तर त्याला अलगद
कॅलेंडरच्या जुन्या पानावर घेतात, परसात सोडतात.
रात्री तो परत येतो.
दोघांनाही ते माहीत आहे.

नीलव्वाच्या घरी दोन माग. बोलायचं ते ओरडूनच.
बिल कन्नडात येतं, ते ती वाचते,
मग माझ्याशी भांडते मराठीत.
एकदा माग थांबवून विचारलं तिनं:
"त्याला कोळी का म्हणता रे तुम्ही?
इथं मासे कुठायत?"
म्हटलं, जाळं टाकतो म्हणून.
"आमच्यात जेड. जेड म्हणजे विणणारा.
माझा सासरा जेड, त्याचा बाप जेड."
आणि तिनं वर आढ्याकडं हात केला,
नात्यातलंच कोण तरी दाखवावं तसा.
मला आईचा शब्द आठवला तेव्हा. कातीण.
बरीच वर्षं तोंडात नव्हता.
नीलव्वाला सांगितला.
ती म्हणाली, "हं. मग आधी कातून दे, मी विणते,"
आणि माग सुरू केला.

भाद्रपदात तिच्या मीटरच्या काचेवर
पांढरा रेशमी ठिपका आला, नखाएवढा,
नेमका शेवटच्या दोन आकड्यांवर.
आत उडीवाली, अंडी राखत.
मी खिशातून फडकं काढलं.
नीलव्वा मागं उभी. हातात कांडी.
"इरली बिडरी," म्हणाली. असू दे, सोड.
"आकडा दिसत नाही."
"गेल्या महिन्याचा घाल की.
पुढं जास्त आलं तर मी भरीन.
तिला काय, अडीच खोल्यांचं घर हाय?"

मशीनमध्ये कारण निवडावं लागतं.
दार बंद. मीटर नादुरुस्त. कुत्रं.
कोळ्याचं कारण त्यात नाही.
मी कुत्रं निवडलं.

पुढच्या खेपेला काच मोकळी,
कडेला फाटकं रेशीम, वाऱ्यावर हलणारं.
बिल दांडगं आलं. नीलव्वा भांडली, ठरल्याप्रमाणे.
पावतीवर सही करताना
पेनच्या टोपणावर एक ठिपका येऊन बसला,
मोहरीएवढा.
वळला.
बघितलं त्यानं मला.
मी सही अर्ध्यात सोडून उभा,
आणि पलीकडच्या घरातून सुमित्राक्का हाका मारतायत,
"मीटरवाले, लवकर या ओ,
हे बघा केवढा आलाय!"