सत्य प्रतिज्ञेवर

सेलूच्या तहसीलसमोर, लिंबाखाली,
माझी टायपिंगची टपरी.
एकोणीस वर्षं एकच वाक्य आधी उमटतं:
मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की.

की रेशनकार्ड हरवलं आहे,
की दाखल्यावरची जन्मतारीख चुकली आहे,
की मयताला दोनच वारस, तिसरा नाही.
लोक अंगठा देत, मी तीस रुपये घेई,
आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात
फिकट अक्षरं रोज सकाळी हजर:
ही प्रत अस्सल नाही.

परभणीहून पन्नास रुपयांत आणलेली सीडी,
जुन्या पेपरात गुंडाळून दिलेली, गरम भज्यांसारखी.
त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
कोपऱ्यातल्या त्या ओळीवर मात्र
कॅलेंडरातला बालाजी कापून चिकटवला.

मशीन म्हातारं झालं.
बटण दाबून मी चहा पिऊन यायचो,
तरी ते अंथरुणातच.
दैवशाला गित्ते, जिनिंगमधल्या हमालाची पोर,
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली, ताटकळलेली:
"काका, काय करायलाव ह्याचं?
दुसरं टाकून देऊ का? फुकट हाय.
अन् चोरीचं न्हाई."
हे दोन शब्द एका दमात
मी पहिल्यांदाच ऐकले.

सतरा सप्टेंबर. झेंडावंदन उरकून कचेरी बंद.
ती पेनड्राइव्ह घेऊन आली.
सगळं पुसू का, मशीननं विचारलं.
पोरगी माझ्याकडं बघत राहिली.
माऊसवर बोट माझंच ठेवायला लावलं तिनं.

मग प्रिंटर रुसला, चार दिवस.
स्टॅम्पपेपरवर मजकूर दोन बोटं खाली सरकला,
फड वकील कागद नाचवत आले:
"काय केरबा, फुकट ते पौष्टिक?"
मी गप्प. रात्री एक वाजेपर्यंत
समास मोजत बसलो पट्टीनं.

खरी पंचाईत पुढं होती.
एकोणीस वर्षांचे नमुने, जुन्या फॉन्टात बांधलेले,
उघडले तर चौकोन, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं.
मयत कोण, वारस कोण, कळेना.
दैवशालानं कुठून तरी एक छोटीशी चावी शोधली.
कोण्या अनोळखी माणसानं, पगार न घेता,
माझ्या म ला म म्हणून ओळखायला
यंत्राला शिकवून ठेवलं होतं.
तीन फायली मात्र अजून उघडत नाहीत.

"ह्याचा मालक कोण गं?"
"सावडीचं काम हाय, काका.
ज्याला जे जमंल, त्यानं तिथं हात लावायचा."
सावड मला माहीत होती, तुरीच्या राशीपुरती.

दिवाळीनंतर मला एक चूक दिसली.
नवी फाइल उघडताना लिहून यायचं,
कोर्या कागदाने सुरुवात करा.
कोर्या! रफार डोक्यावर चढलेला,
लग्नात उलटा बांधलेला फेटा जसा.
दैवशालानं फोनवरून वाट सांगितली,
मी दोन बोटांनी कळवलं:
कोऱ्या. मराठीत तिथं र असा आडवा होतो.
कुणाला कळवलं, माहीत नाही.
उत्तरात इंग्रजी दोन ओळी आल्या,
त्यातला आभाराचा शब्द तेवढा कळला.

परवा मशीननं स्वतःला नवं करून घेतलं
आणि मधोमध लिहून आलं, कोऱ्या.
मी खुर्चीत सरळ बसलो.
सांगावं कुणाला? समोर एक बाई उभी,
पिशवीत कागद, पदरानं घाम टिपणारी.
"बघा," म्हणालो, "हे अक्षर माझं हाय."
तिनं बघितलं.
"बरं हाय. माझा कागद कवा निगंल?"

बालाजी अजून कोपऱ्यात आहे.
खाली झाकायला काही नाही, पण डिंक सुटत नाही.

"नाव?"
"सोजरबाई कुऱ्हाडे.
रेशनवर कुर्हाडे पडलंय, आधारवर नीट हाय.
दोन्ही बी मीच, असं लिहून पायजे."

पान कोरं होतं.
मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की