निचरा

आधी दोन चौकोन काढले.
एकाला म्हटलं रक्त,
दुसऱ्याला, बाकीचा सगुण.
सगुण मिठगावडे, वय त्रेसष्ट, वजन एकावन्न,
मुक्काम आगरवाडा, पेडणे.
मध्ये एक जाणारा बाण, एक येणारा,
आणि खाली मूत्रपिंडाकडे तिरका, एकटा बाण:
बाहेर.

बांबोळीच्या ह्या खोलीत एसी गळतो,
खाली बालदी लावली आहे.
लिथियम. सकाळी एक गोळी, रात्री दोन.
यकृत त्याला हात लावत नाही,
जसं आलं तसंच जातं,
दिवसाला साधारण अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं.
माझी रेघ छान उतरत होती.
ती म्हणाली शून्य पूर्णांक आठ.
नळीतलं रक्त म्हणालं एक पूर्णांक सहा.

वजन तपासलं, क्रिएटिनिन पुन्हा मागवलं,
फोनवरून मुलीला गोळ्या मोजायला लावल्या.
गोळ्या बरोबर.
"हात मात्र कापतात," सुलभा म्हणाली,
"कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर."

शनिवारी शिवोलीचा पूल ओलांडून गेलो.
तो बांधावर होता, मानशीपाशी.
तिथे मानस म्हणजे मन नव्हे,
खाडीला बसवलेलं लाकडी दार.
किती पाणी आत, किती वेळ,
एवढंच बघायचं.
अकरा वर्षांपूर्वी एका पुनवेला
सगुणने तिन्ही दारं उघडली होती,
प्रत्येक घराला नावाने हाक मारत:
दर्या आयलो, दर्या घरा आयलो!
महिन्याचं मीठ दोन तासांत विरघळलं.
त्या वर्षी त्याची फाईल उघडली.

दुपारी शेवंतीने पेज वाढली.
खारा बांगडा नाही, चेपणीचं तोर नाही.
"बीपी आसा न्हय? दोन म्हयने मीठ बंद."
दारासमोर मिठाचे ढीग, झावळ्यांनी शाकारलेले,
आणि ताटलीत अळणी पेज.
मीठ मिळेना, तेव्हा मूत्रपिंडाने
मिठासारखं जे दिसलं ते धरून ठेवलं.
माझ्या तक्त्यात
त्याला रकाना नव्हता.

मी कागद दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला,
"चौकोन बरे आसात. पूण मानस खंय?"
मी तिरक्या बाणावर बोट ठेवलं.
"हो सदांच उक्तो?"
हो. कायम उघडा, एकाच मापाने.
तसं धरलंय.
तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.
कापतं बोट आगरात बुडवून
जिभेला लावलं:
"आनीक दोन दीस."

चार दिवस गोळी बंद, पेजेत चिमूट,
डॉक्टरांनी लिहून दिलं.
मग पुन्हा गोळी, कमी.
पंधरवड्याने रक्त म्हणतं शून्य पूर्णांक नऊ.
रकाना वाढवलेली रेघ म्हणते सात.
मधल्या दोन दशांशांना
अजून काही नाव दिलेलं नाही.
त्याने कागदात बांधून दिलेलं किलोभर मीठ
टेबलावर ओल धरतंय.
बालदी ओतायला हवी.