चार दिवसांचं लोणचं

मुळा, गाजर, दोन बिंबलं उभी चिरून.
फिलोमीनबायचा माडाचा शिरका,
तेवढंच पाणी, मीठ, साखर, चार मिऱ्या.
उकळी. ओतलं. झाकण.

याला मुरायचं नसतं.
सकाळी घालून फ्रीजमध्ये ढकलावं,
रात्री पेजेसोबत कच्चंच
दाताखाली वाजावं, बस.

तर तिन्हीसांजेला लाईट गेली,
उभादांड्यापर्यंत काळोख.
कुमुद म्हणाली, ऱ्हवांदे आता.
मी बरणीच्या गळ्याला दोर बांधला,
विहिरीत सोडली.

नऊ वर्षांनी आलीय. शुक्रवारी कुडाळहून गाडी.
कलमांच्या हिश्श्याचं
अजून कुणी काढलेलं नाही.

दोघी कठड्यावर.
खाली काच चिऱ्याला लागली.

"फुटली गो?"
"नाय गो," म्हटलं मी,
वर न ओढताच.